‘ब्रोकाचे क्षेत्र’ : षष्ठीचा अर्थ आणि श्रेयाचा विचार

१

संशोधकाच्या कामगिरीची नोंद घेण्याचे तीन मार्ग विद्येच्या जगात रूढ आहेत. पहिला नावाचा : शोधलेल्या वस्तूला शोधकाचे नाव द्यावयाचे. दुसरा पारितोषिकाचा. तिसरा इतिहासलेखनाचा : त्या शास्त्राच्या वाटचालीत कोणाचे पाऊल कोठे पडले हे सांगावयाचे. मेंदूच्या व्याधींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रात, म्हणजे ज्याला आपण चिकित्सात्मक मज्जाविज्ञान म्हणू त्या क्षेत्रात, या तिन्ही मार्गांचा मुबलक वापर झालेला आहे. त्यातील पहिला मार्ग तर भाषेच्या अभ्यासकाला विशेष परिचयाचा असतो. मेंदूच्या इजेमुळे भाषा गमावणे, म्हणजे वाचाघात, हा विषय शिकू लागताच विद्यार्थ्यापुढे डाव्या गोलार्धाचे एक चित्र येते व त्यावर दोन नावे लिहिलेली असतात : पुढच्या बाजूस ब्रोका, मागच्या बाजूस वेर्निके.

ही नावे आपण मराठीत षष्ठी विभक्तीत उच्चारतो : ‘ब्रोकाचे क्षेत्र’, ‘वेर्निकेचे क्षेत्र’. षष्ठीचा अर्थ एकच नसतो हे व्याकरणाच्या प्राथमिक अभ्यासकासही ठाऊक आहे. ‘रामाचे शेत’ येथे स्वामित्व आहे, ‘तुकारामांचे अभंग’ येथे कर्तृत्व आहे, ‘सोन्याची अंगठी’ येथे दोन्ही नाहीत. मग ‘ब्रोकाचे क्षेत्र’ या प्रयोगात षष्ठी कोणत्या अर्थाची आहे? मेंदूचा तो भाग ब्रोकाने निर्माण केलेला नाही व त्याच्या मालकीचाही नाही. तथापि व्यवहारात ही षष्ठी स्वामित्वाचीच होऊन बसली आहे. एका माणसाच्या नावावर एक भूभाग, असा हा सातबारा आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या शास्त्रात गौरवाची जी पद्धत पडली आहे ती या स्वामित्वाच्या षष्ठीवर उभी आहे. तिच्यामुळे अनेकांवर अन्याय झाला आहे, आणि ज्ञानाचीही हानी झाली आहे. व्यक्तींवरील अन्यायाची चर्चा बरीच होते, ज्ञानाच्या हानीची त्या मानाने कमी होते. म्हणून येथे दोहोंचा एकत्र विचार करावयाचा आहे.

२

प्रथम ब्रोकाने नेमके काय केले ते पाहिले पाहिजे. पॉल ब्रोका हे पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील रुग्णालयात शल्यचिकित्सक होते. १८६१ च्या एप्रिल महिन्यात लबोर्न्य नावाचा रुग्ण पायाच्या गंभीर विकारामुळे त्यांच्या विभागात आला. हा मनुष्य एकवीस वर्षे त्याच संस्थेत राहत होता व ‘टॅन’ या एका अक्षराखेरीज त्याला जवळजवळ काहीच बोलता येत नव्हते. रागाच्या भरात एखादी शिवी तेवढी बाहेर पडे. बोललेले मात्र त्याला बरेचसे समजत असे. १७ एप्रिल रोजी तो मृत्यू पावला. दुसऱ्याच दिवशी ब्रोका यांनी त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र परिषदेपुढे ठेवला.

वाणीचे स्थान मेंदूच्या पुढच्या खंडात असावे, ही कल्पना ब्रोका यांची नव्हे. ती बुईयो यांनी १८२५ पासून मांडली होती, आणि त्यांचे जावई ओबुर्तें हे त्याच परिषदेत त्या मताचा हिरिरीने पुरस्कार करीत होते. लबोर्न्य जिवंत असतानाच ब्रोका यांनी ओबुर्तें यांना बोलावून त्याची तपासणी करावयास लावली होती. म्हणजे प्रश्न दुसऱ्यांचा होता, आव्हान दुसऱ्याचे होते. मग ब्रोका यांचे स्वतःचे काय?

त्यांचे स्वतःचे आहे ते अनुमान. लबोर्न्यच्या मेंदूत विकृती विस्तीर्ण पसरलेली होती. तेवढ्यावरून वाणीचे स्थान निश्चित होण्यासारखे नव्हते. ब्रोका यांनी रुग्णाच्या आयुष्याचा क्रम विचारात घेतला. वाणी प्रथम गेली; उजवा हात कित्येक वर्षांनी लुळा पडला; पाय त्याहून नंतर. विकृती एका केंद्रापासून सावकाश पसरत गेली असेल, तर जे लक्षण सर्वांत जुने त्याचे कारण जखमेच्या सर्वांत जुन्या भागात शोधावयास हवे. तो भाग त्यांना डाव्या ललाटखंडाच्या तिसऱ्या वळीच्या परिसरात आढळला. एका स्थिर अवशेषावरून काळाचा क्रम वाचण्याची ही रीत आहे. ध्वनिपरिवर्तनांचा सापेक्ष क्रम ठरविणाऱ्या ऐतिहासिक भाषाशास्त्रज्ञास तिचे मोल सांगावयास नको. त्याच वर्षी ललों नावाच्या दुसऱ्या, वृद्ध रुग्णाच्या मेंदूत त्यांना त्याच परिसरात, पण अधिक मर्यादित, विकृती दिसली. ब्रोका यांच्या गौरवाचा खरा आधार हे अनुमान आहे. पण नकाशावरचे नाव अनुमानाची आठवण देत नाही. ते फक्त जागा दाखवते.

३

आता दुसरी बाजू. वाणीचा संबंध डाव्याच गोलार्धाशी आहे, ही गोष्ट ब्रोका यांनी १८६१ मध्ये ठामपणे सांगितलेली नाही. ती त्यांनी १८६५ साली सविस्तर मांडली. दक्षिण फ्रान्समधील सोमिएर गावचे वैद्य मार्क डाक्स यांनी १८३६ मध्येच, आपल्या रुग्णांच्या निरीक्षणावरून, हाच निष्कर्ष एका टिपणात लिहून ठेवला होता. ते १८३७ साली निवर्तले. त्यांचे पुत्र ग्युस्ताव्ह डाक्स, तेही वैद्यच, यांनी १८६३ मध्ये ते टिपण स्वतःच्या निरीक्षणांसह पॅरिसच्या अकादमीकडे पाठविले. अकादमीच्या समितीचे मत प्रतिकूल पडले. टिपण शेवटी १८६५ च्या एप्रिलमध्ये छापले गेले व ब्रोका यांचा लेख त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, जूनमध्ये, आला. १८३६ साली मोंपेल्ये येथे ते टिपण खरोखर वाचले गेले होते काय, याचा तपास ब्रोका यांनी केला. त्यांना तसा पुरावा मिळाला नाही.

या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि डाक्स पितापुत्रांना न्याय मिळावा असा आग्रह अधूनमधून धरला जातो. या आग्रहामागील भावनेशी आमचा विरोध नाही. राजधानीतील प्रतिष्ठित शल्यचिकित्सक आणि खेड्यातील वैद्य यांच्या शब्दाला सारखे वजन मिळत नाही, हे सत्य फ्रान्सपुरते मर्यादित नाही. परंतु नकाशावरील एक नाव खोडून दुसरे लिहिल्याने मूळ दोष दूर होत नाही. डाक्स यांच्यापाशी रुग्णांची संख्या होती व बाजूची ओळख होती, पण शवविच्छेदनाचा आधार नव्हता. ब्रोका यांच्यापाशी विच्छेदन होते, पण आरंभी बाजूविषयी निश्चय नव्हता. बुईयो यांच्यापाशी प्रश्न होता. ही तीन वेगवेगळी विधाने आहेत व त्यांचे तीन वेगवेगळे कर्ते आहेत. ‘शोध कोणाचा?’ असा एकवचनी प्रश्न विचारला की, उत्तरही एकवचनी येणार आणि ते कोणावर तरी अन्याय करणारच.

४

स्वामित्वाच्या षष्ठीने ज्ञानाची हानी कशी होते याचे उदाहरण पुढील इतिहासात आहे. कार्ल वेर्निके यांनी १८७४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, वाचाघातावरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. बोलणे ओघवते पण अर्थहीन आणि आकलन दुबळे, अशा रुग्णांचे वर्णन त्यात आहे, व त्याची सांगड शंखखंडाच्या विकृतीशी घातली आहे. पण त्या प्रबंधाचे सामर्थ्य यापुढे आहे. ध्वनिप्रतिमांचे केंद्र व उच्चारक्रियेचे केंद्र यांना जोडणारा मार्ग तुटला तर कोणता विकार दिसेल, हे वेर्निके यांनी सिद्धांतावरून सांगितले. भाषा कोणा एका केंद्रात वसत नाही, ती केंद्रांच्या परस्परसंबंधात आहे, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. आणि गौरव काय झाला? त्यांचे नाव एका केंद्राला देण्यात आले. ज्याने मार्गांचा विचार शिकविला, त्याचे स्मारक स्थळावर उभारले गेले! १९६५ साली नॉर्मन गेश्विंड यांनी संबंधविच्छेदाच्या लक्षणसमूहांवरील दीर्घ लेखात हा गाभा पुन्हा उजेडात आणला, तोपर्यंत निदान इंग्रजी वाचणाऱ्या जगात तो बराचसा झाकलेला होता.

ब्रोका यांच्या क्षेत्रावर पहिला मोठा हल्ला १९०६ साली प्येर मारी यांनी केला : तिसऱ्या ललाट वळीला भाषेत कोणतेही विशेष कार्य नाही, असे त्यांनी म्हटले. १९०८ मध्ये पॅरिसच्या मज्जाशास्त्र परिषदेत यावर वाद झाला व देजेरीन यांनी मारी यांचा प्रतिवाद केला. त्या वादात शारीररचनेच्या बाजूने महत्त्वाचे बोलणे ऑग्युस्ता देजेरीन-क्लुम्पके यांचे होते. मारी ज्या चौकोनी प्रदेशाकडे बोट दाखवीत होते त्याच्या सीमा नेमक्या कोणत्या व त्यातून कोणते तंतू जातात, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. मज्जासंस्थेच्या रचनेवरील देजेरीन यांच्या थोर ग्रंथाच्या मुखपृष्ठावर या विदुषीचे नाव ‘सहकार्याने’ अशा दुय्यम स्थानी छापलेले आहे. हाताच्या एका पक्षाघाताला त्यांचे नाव आहे हे खरे. परंतु ते त्यांच्या विद्यार्थिदशेतील कार्याचे. भाषेच्या वादातील त्यांचा वाटा मात्र त्या वादाचे विशेषज्ञच जाणतात.

लबोर्न्यचा मेंदू ब्रोका यांनी कापला नाही. तो अखंड जपून ठेवला. त्यामुळेच २००७ साली नीना ड्रॉन्कर्स व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांना लबोर्न्य व ललों या दोघांच्याही मेंदूंची चुंबकीय प्रतिमा घेता आली. पृष्ठभागावर दिसणाऱ्या जखमेच्या आत खोलवर, पुढील व मागील प्रदेशांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यापर्यंत, विकृती पोचली असल्याचे त्यात आढळले. शिवाय आज ज्या भागाला ब्रोकाचे क्षेत्र म्हणतात तो आणि ब्रोका यांनी दाखविलेला भाग हे तंतोतंत एक नाहीत, हेही दिसून आले. वेर्निकेच्या क्षेत्राची गोष्ट याहून बिकट आहे. त्रांब्ले आणि डिक यांनी २०१६ मध्ये भाषा व मेंदू यांच्या संशोधकांनाच त्याची सीमा विचारली, तेव्हा एकमत असे आढळले नाही. नाव एक, प्रदेश अनेक. ज्या नावाचा निर्देश निश्चित नाही ते शास्त्रात संज्ञा म्हणून टिकते, याचे एक कारण हे की ते नाव बदलणे म्हणजे एका थोर पुरुषाचा गौरव काढून घेणे, असे वाटते. गौरव आणि संज्ञा यांची गाठ बांधली की एकाचे ओझे दुसरीवर पडते.

आणि तरीही २००७ च्या त्या तपासणीकडे पाहताना असे म्हणावेसे वाटते की, ब्रोका यांचा सर्वांत मोठा गौरव तिच्यात आहे. आपल्या मताच्या दुरुस्तीचे साधन त्यांनी स्वतःच जपून ठेवले होते.

५

पारितोषिकांविषयी थोडक्यात सांगता येईल. नोबेल पारितोषिक एका विषयात तिघांपेक्षा अधिकांना देता येत नाही. या मर्यादेत मेंदूशास्त्राचे काम बसविताना काय होते ते पाहण्यासारखे आहे. एगास मोनीझ यांना १९४९ मध्ये ते मिळाले ते मनोविकारांवर ललाटखंडाचे तंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी, जी पुढे वैद्यकाने टाकून दिली. त्यांनीच १९२७ मध्ये सिद्ध केलेली मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या चित्रणाची पद्धत टिकली व उपयोगी ठरली. तिला पारितोषिक नाही. रॉजर स्पेरी यांना १९८१ मध्ये दोन गोलार्धांच्या विशेष कार्यांवरील संशोधनासाठी पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. तो योग्यच होता. पण ज्या रुग्णांवर हे प्रयोग झाले त्यांच्या गोलार्धांमधील दुवा अपस्मारावर उपाय म्हणून कापणारे शल्यचिकित्सक व्होगेल आणि बोगेन होते, आणि प्रारंभीच्या कित्येक चाचण्या मायकेल गॅझॅनिगा यांनी विद्यार्थी असताना केल्या. ब्रेंडा मिल्नर यांनी स्मृतीच्या अभ्यासाला नवी दिशा दिली. २०१४ साली त्यांना जॉन ओकीफ व मार्कस रायकल यांच्यासह काव्हली पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ओकीफ यांना नोबेलही मिळाले. मिल्नर त्या यादीत नव्हत्या.

पारितोषिक देणाऱ्यांना दोष देण्यासाठी ही उदाहरणे दिलेली नाहीत. रुग्णावर आधारलेले ज्ञान हे स्वभावतःच अनेकांचे असते, आणि व्यक्ती मोजणारे कोणतेही माप त्याला तोकडेच पडणार, एवढेच त्यांवरून दाखवावयाचे आहे.

६

या अनेकांत एक व्यक्ती अशी आहे की, तिचा उल्लेख गौरवाच्या कोणत्याही प्रकारात येत नाही. ती म्हणजे रुग्ण. मिल्नर यांच्या कार्याचा आधार असलेला मनुष्य जवळजवळ अर्धशतक ‘एच्. एम्.’ या दोन अक्षरांनी ओळखला जात होता. १९५३ साली विल्यम स्कोव्हिल यांनी अपस्मारासाठी त्याच्या दोन्ही शंखखंडांचा आतील भाग काढला, आणि त्यानंतर नवे काही लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती नाहीशी झाली. स्कोव्हिल व मिल्नर यांचा लेख १९५७ मध्ये आला. पुढील कित्येक दशके तो चाचण्यांना बसत राहिला. आदल्या दिवशीची चाचणी त्याला आठवत नसे, पण हाताने शिकलेले कौशल्य मात्र टिकत असे. हेन्री मोलेसन हे त्याचे नाव २००८ मध्ये त्याच्या निधनानंतरच जगाला कळले.

नाव गुप्त ठेवणे हे रुग्णाच्या संरक्षणासाठी असते आणि ते आवश्यकच आहे. पण गुप्तता आणि विस्मृती या दोन भिन्न गोष्टी आहेत. लबोर्न्यचे आडनाव ब्रोका यांनी छापले होते. तरी ग्रंथपरंपरेने त्याला ‘टॅन’ केले. म्हणजे ज्या एका अक्षरापलीकडे त्याला जाता येत नव्हते तेच त्याचे नाव ठरले. व्याधीच त्याची ओळख झाली. २०१३ साली पोलिश इतिहासकार सेझारी डोमान्स्की यांनी दप्तरे तपासून त्याचे पूर्ण नाव लुई व्हिक्तोर लबोर्न्य असल्याचे दाखविले. तो शिक्षकाचा मुलगा होता आणि जोड्यांचे लाकडी साचे करण्याचा त्याचा व्यवसाय होता. मूक, अडाणी असे जे चित्र पाठ्यग्रंथांतून उभे राहते त्याला यामुळे धक्का बसतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही ही माहिती उपेक्षणीय नाही. भाषा गमावलेल्या माणसाची आधीची भाषा कशी होती हे जाणल्यावाचून त्याने काय गमावले ते कसे ठरविणार?

७

नावांऐवजी अंक वापरले तर हा प्रश्न सुटेल काय? याचे उत्तर मुंबईतील एका उदाहरणावरून मिळते. जे. जे. रुग्णालयात मज्जाशास्त्राचा विभाग उभारणारे डॉ. नोशीर वाडिया यांनी आर. के. स्वामी यांच्यासह १९७१ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांतील एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. त्यात चालण्याचा तोल जाण्याबरोबर डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होते. बारीक निरीक्षणाने केलेली ही ओळख १९९६ मध्ये, त्या विकाराचे जनुक सापडल्यावर, एका क्रमांकित वर्गात समाविष्ट झाली. आज तो विकार मुख्यतः ‘दुसऱ्या प्रकारचा’ म्हणून ओळखला जातो. हा ‘दोन’ जनुकस्थाने सापडण्याच्या क्रमातून आलेला आहे. अंक निःपक्षपाती असतो हे खरे. पण रुग्णाच्या डोळ्यांकडे पाहून प्रथम हा विकार वेगळा ओळखला कोणी, हे तो सांगत नाही. स्वामित्वाचा दोष टाळताना कर्तृत्वाची नोंदही गळून पडते.

८

मग षष्ठी टाकावी काय? आमच्या मते टाकू नये. तिचा दुसरा एक अर्थ आपल्या परंपरेत आहे तो स्वीकारावा. पाणिनीने अष्टाध्यायीत आपल्या पूर्वीच्या दहा आचार्यांचा नावाने उल्लेख केला आहे : शाकल्य, गार्ग्य, शाकटायन, आपिशली, स्फोटायन इत्यादी. ही नावे बहुतेक ठिकाणी षष्ठीतच येतात. पण त्या षष्ठीचा अर्थ ‘शाकल्याच्या मालकीचा लोप’ असा नाही, ‘शाकल्याच्या मते लोप’ असा आहे. नाव ज्या नेमक्या विधानाचे त्याच विधानापाशी ठेवले आहे. आणि या उल्लेखांचे प्रयोजन सांगताना काशिकाकारांनी दोन पर्याय दिले आहेत. कोठे आचार्याचे नाव विकल्पासाठी आहे : अमुक आचार्यांचे मत असे, म्हणजे इतरांचे वेगळेही असू शकते. विकल्प अन्य शब्दाने आधीच सांगितलेला असेल, तर ते नाव केवळ पूजार्थ आहे.

पूजार्थ आणि विकल्पार्थ हा भेद आमच्या प्रश्नाला नेमका लागू पडतो. ‘ब्रोकाचे क्षेत्र’ ही षष्ठी आज निव्वळ पूजार्थ झाली आहे. ती विकल्पार्थ व्हावयास हवी. ‘ब्रोका यांच्या मते, लबोर्न्यच्या रोगक्रमावरून, १८६१’ असा तिचा विस्तार मनात झाला, तर ब्रोका यांचा मान कमी न होता नेमका होतो, डाक्स व बुईयो यांच्या विधानांना त्यांच्या त्यांच्या ठिकाणी जागा राहते, रुग्ण नजरेआड होत नाही, आणि मारी किंवा ड्रॉन्कर्स यांचे भिन्न मत हा कोणाचा अपमान ठरत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, प्रत्येक संज्ञेचा एवढा विस्तार करीत बसलो तर अध्यापन अशक्य होईल. आक्षेप रास्त आहे. आटोपशीर नावाची गरज पाणिनीइतकी कोणाला कळली असेल? पण त्यानेही आचार्यांची नावे सर्वत्र घातलेली नाहीत. जेथे मतभेदाला जागा आहे तेथे प्रामुख्याने घातली आहेत. तोच विवेक पुरेसा आहे.

या विवेकाची गरज केवळ वैद्यकाला आहे असे नाही. आमच्या शास्त्रातही निवेदकावाचून एक पानही लिहिता येत नाही. ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणात बोलींचे नमुने आहेत, संपादकाचे नाव आहे, पण नमुना सांगणाऱ्या माणसाचे नाव बहुधा नाही. बोलींचा अभ्यास करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने प्रबंधाच्या आरंभी मार्गदर्शकांचे आभार मानून शेवटी ‘माहिती देणारे ग्रामस्थ’ एवढेच लिहावे, हे त्याच परंपरेला धरून आहे. विभागापुढे म्हणून एक साधी सूचना ठेवावीशी वाटते. यापुढील प्रबंधांत निवेदकाच्या संमतीने त्याचे नाव, संमती नसेल तर त्याचे वय, गाव व व्यवसाय, आणि कोणते रूप कोणाकडून मिळाले याची नोंद, त्या त्या रूपापाशीच केली जावी. विधान कोणाचे, हे विधानापाशीच समजले पाहिजे. परिशिष्टातील आभार ही पूजा झाली. तिला आमची हरकत नाही, परंतु तिच्यावर थांबू नये.